कडेकडेनं

‘लॉनवर चालू नये’ ही पाटी श्रीरंगराव किनखेड्यांनी स्वतः रंगवली होती. पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं, दर दिवाळीला रंगाचा नवा हात. पावसाळा ओसरता ओसरता एका सकाळी त्यांनी ती स्वतःच उपटली, दांड्याला लागलेली माती झटकली आणि गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी उभी करून ठेवली. नीलिमाताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या.

“आता लॉनवर चाललं तरी चालेल,” श्रीरंगराव आत येऊन म्हणाले. “चाललंच पाहिजे खरं म्हणजे. हे नवं गवतच तसं आहे.”

“बरं,” नीलिमाताई म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या.

एवढ्या वर्षांची बंदी उठवल्यावर याहून काहीतरी जास्त होईल, अशी श्रीरंगरावांची अपेक्षा होती. नेमकं काय, ते त्यांना सांगता आलं नसतं.

नागपूरच्या दक्षिणेला, बेसा ओलांडल्यावर लागणाऱ्या या कॉलनीत त्यांनी प्लॉट घेतला तो पुढच्या मोकळ्या जागेसाठी. वीज खात्यातला इंजिनिअर माणूस, आयुष्यभर सबस्टेशनच्या खडीत उभा राहिलेला. आपल्या दारात मखमलीसारखी हिरवळ असावी, एवढी एकच हौस त्यांनी केली. त्या हौसेने त्यांना एक रविवार सुखाचा दिला नाही. पेट्रोलचं यंत्र दर पावसाळ्यात, नेमकं गवत जोरात असताना, रुसायचं. मग विजेचं आणलं, तर पहिल्याच महिन्यात त्याची वायर त्याच्याच पात्याखाली आली आणि वीज खात्याच्या साहेबाच्या घरातले पंखे दिवसभर बंद राहिले. ओल्या गवतात यंत्र घातलं की पात्यांत लगदा अडकायचा; वाळायची वाट पाहावी तर तेवढ्यात गवत आणखी वाढायचं. नागरमोथा उपटला की वरचा शेंडा हातात यायचा आणि खालची गाठ जमिनीत शाबूत. एका वर्षी हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्ली, तेव्हा लॉन सतरंजीसारखं उचलून हातात आलं. उन्हाळ्यात पाणी आधी लॉनला, मग कूलरला.

यंत्र भिंतीपर्यंत पोचायचं नाही, त्यामुळे चारी बाजूंना कडेची एक पट्टी कायम ओबडधोबड राहायची. ती त्यांनी गुडघ्यांवर बसून कात्रीने कापून पाहिली आणि शेवटी सोडून दिली. ज्याला कुठे जायचं असेल त्याने त्या पट्टीवरून जावं, असं ठरलं.

“कडेकडेनं!”

व्हरांड्यातल्या खुर्चीतून हा शब्द यायचा. दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, पाहुण्यांना, एकदा तर खुद्द सासूबाईंना. मुलगी मृण्मयी चालायला शिकली तीच कडेकडेनं. शाळेत मैदानावर धावायला सांगितलं तर ही कुंपणाला धरून धावते, असं तिच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं, आणि श्रीरंगरावांना त्यात शिस्त दिसली होती. तिच्या लग्नात दारात मांडव पडावा, अशी नीलिमाताईंची फार इच्छा होती. मांडवाचे खांब, आचाऱ्याच्या भट्ट्या, पाहुण्यांच्या चपला हे सगळं डोळ्यांसमोर आणून श्रीरंगरावांनी हॉल घेतला. “एसी आहे,” ते म्हणाले होते. नीलिमाताईंनी तेव्हाही “बरं” म्हटलं होतं.

पाऊलगवत आलं ते पाण्याच्या टंचाईपायी. शहरात साध्या लॉनला पाणी घालायला बंदी झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी ते बाजारात दिसू लागलं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, पण मूळ झाड सगळ्यांच्या ओळखीचं. हरळी. शेतात उगवली की शिव्या खाणारी आणि गणपतीच्या डोक्यावर दूर्वा म्हणून चढणारी तीच. वनस्पतींना स्पर्श कळतो, हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. वाऱ्याच्या माऱ्यात वाढलेलं झाड बुटकं आणि दणकट राहतं, पायवाटेवरचं गवत खुरटं राहतं. स्पर्श झाला की पेशींमध्ये कॅल्शियम शिरतं, त्याच्या इशाऱ्यावर एक संप्रेरक तयार होतं आणि उंची वाढवणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकाला आवर बसतो. साध्या गवतात हा परिणाम क्षीण असतो. प्रयोगशाळेत जनुकांमध्ये फेरफार करून तो कितीतरी पटींनी वाढवला गेला. पाय पडला की पुढचे काही दिवस ते पातं वाढायचं थांबतं. वाढ नाही, म्हणून पाणीही थोडंच लागतं.

अडचण अशी, की स्पर्श वाऱ्याचाही होतो, पावसाचाही, कुत्र्यामांजरांचाही. गवत प्रत्येकालाच दबून राहिलं तर ते जमिनीतून वर येणारच नाही. म्हणून त्याला दुसरं कुलूप लावलं गेलं, ऊब ओळखणाऱ्या प्रथिनाचं. टाचेकडून बोटांकडे सरकणारा दाब आणि त्याच क्षणी तळव्याची ऊब, या दोन किल्ल्या एकदम फिरल्या तरच गवत मानायचं. म्हणजे अनवाणीच चालायचं, आणि तेही सकाळी किंवा संध्याकाळी, जमीन थंड असताना. काही लोकांनी गरम पाण्याचे रूळ फिरवून पाहिले. त्याने पाती भाजली. यंत्राने कापायची तर सोयच नव्हती, कारण ज्या संप्रेरकावर हा सगळा खेळ उभा होता ते मुळात झाडाच्या जखमेचं संप्रेरक. शेंडा कापला की अख्खं गवत आपल्यावर मोठा घाव पडला असं समजून पिवळं पडून राहायचं.

जाहिरातीत एक भरलेलं कुटुंब, आजोबांपासून नातीपर्यंत, अनवाणी लॉनवर हिंडत होतं. खाली लिहिलं होतं, ‘यंत्र विका, माणसं बोलवा.’ यंत्र ढकलून ढकलून श्रीरंगरावांची कंबर गेली होती. त्यांनी जाहिरातीचा पहिला अर्धाच नीट वाचला.

आपले दोन पाय पुरतील, असा त्यांचा हिशेब होता. रोज सकाळी ते चपला व्हरांड्यात काढत आणि यंत्र फिरवावं तसे ओळी पाडून चालत. भिंतीपासून भिंतीपर्यंत, वळायचं, पुन्हा भिंतीपर्यंत. गवत वाढतच राहिलं. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या. श्रीरंगरावांनी गवताच्या कंपनीत फोन करून वरच्या आवाजात तक्रार केली, तेव्हा रिद्धी टेंभुर्णे नावाची एक मुलगी पाहायला आली.

“रोज चालता काका?”

“रोज. एक पाऊल ओळीबाहेर नाही.”

“अनवाणी?”

“मग काय गमबूट घालून?”

तिने बॅगेतून ऊब दाखवणारा छोटा कॅमेरा काढला. आधी स्वतःचं पाऊल दाखवलं. पडद्यावर ते निखाऱ्यासारखं नारिंगी दिसलं. मग श्रीरंगरावांचं. पोटरीपर्यंत नारिंगी, घोट्याखाली निळं आणि बोटं जवळजवळ काळी.

“शुगर आहे का?”

“आहे. कंट्रोलमध्ये आहे.”

“खाली रक्त कमी पोचून राहिलं, काका. पाय थंड आहेत तुमचे. गवताला ते दिसतच नाहीत.”

“एवढा मोठा माणूस त्याच्या डोक्यावर उभा आहे आणि दिसत नाही?”

“त्याच्यासाठी तुम्ही पडलेली फांदी,” ती बोलून गेली आणि मग गडबडली. “म्हणजे, शास्त्र सांगते मी. घरी काकू असतील न? त्यांना चालायला सांगा. आणि तुम्ही अनवाणी नका चालू. काटा रुतला तरी कळणार नाही तुम्हाला.”

त्या संध्याकाळी श्रीरंगरावांनी नीलिमाताईंना सांगितलं, की लॉनवर चालत जा.

“चालते की मी,” नीलिमाताई म्हणाल्या.

त्या खरंच चालत होत्या. घरच्या आवारात त्यांना चपलेची सवय नव्हती. भाजी घ्यायला फाटकापर्यंत, कपडे वाळत घालायला तारेपर्यंत, फुलं काढायला जास्वंदीपर्यंत त्या दिवसातून कितीदा तरी जात. काय होतं आहे ते महिनाअखेरीला ड्रोनच्या फोटोत दिसलं. कॉलनीची समिती दर महिन्याला वरून फोटो काढून ग्रुपवर टाकायची, कोणाचं लॉन कसं आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून. बाकीच्या घरांसमोर सपाट हिरवे चौकोन होते. किनखेड्यांच्या घरासमोर उंच, गडद, पिंजारलेला चौकोन आणि त्याच्या कडेने अगदी रेखीव, मऊ, फिकट हिरवी पट्टी. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘किनखेडे साहेबांनी फ्रेम करून ठेवली. फोटो कोणाचा लावता?’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

श्रीरंगरावांनी फोन नीलिमाताईंच्या पुढे धरला. “मधून चालायचं गं.”

“मधूनच चालते मी.”

“हे बघ न.”

नीलिमाताईंनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ पाहिला. “असं होय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं मधूनच चालते. पाय तिकडेच जात असतील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून मधून जायचा प्रयत्न केला. श्रीरंगराव खुर्चीतून बघत होते. फाटकाशी भाजीवाल्याने हाक मारली आणि नीलिमाताई घाईने निघाल्या. घाईत त्या कडेनेच गेल्या.

त्याच आठवड्यात पुण्याहून मृण्मयीचा फोन आला. नीलिमाताईंचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“आई, तू आता इकडेच ये. कायमची. खोली रिकामी पडली आहे, खाली बाग आहे, तुझ्या वयाच्या चिक्कार बायका आहेत.”

“बघू,” नीलिमाताई म्हणाल्या.

“बाबा, ऐकून राहिले न? तुम्हीपण या.”

“लॉन कोण बघेल?” श्रीरंगराव गमतीने म्हणाले. पुण्यात कोणी हसलं नाही आणि स्वयंपाकघरातही नाही.

फोन बंद झाल्यावर तो ‘बघू’ श्रीरंगरावांच्या कानात राहिला. नीलिमाताईंकडे ‘बरं’ होतं आणि क्वचित ‘नको’ होतं. ‘बघू’ त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. पुढचे काही दिवस नीलिमाताई माळ्यावरची बॅग काढतात का, याकडे त्यांचं लक्ष राहिलं. बायको गेली तर या घरात आपण आणि हे गवत, एवढंच उरतं, हे त्यांना न मांडताच कळत होतं.

इंजिनिअरच्या नजरेला त्या फोटोतली एक गोष्ट खटकत होती. कडेची पट्टी सगळीकडे सारखी नव्हती. सर्वांत मऊ भाग स्वयंपाकघराच्या दारापासून निघून, फाटकाला वळसा घालून, लॉनच्या तीन बाजू फिरून मेंदीच्या कुंपणाशी संपत होता. तिथे ना तार होती, ना जास्वंद. मधून गेलं असतं तर ते अंतर आठ-दहा ढांगांचं होतं. कोणीतरी रोज तीन बाजूंचा फेरा घालून तिथे जात होतं.

संध्याकाळी बातम्या लावून आरामखुर्चीत डोळा लागायचा, तो त्यांनी लागू दिला नाही. दार वाजल्याचा आवाज आला, तसे ते पट्टीवरून मागोमाग गेले. मेंदीत माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी खिंड पडली होती. पलीकडे सुजाता मेश्रामांचं लॉन. सुजाताबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून कॅशियरच्या खिडकीतून यावा तसा. लॉनवर सात-आठ बायका अनवाणी हिंडत होत्या आणि त्यांच्या बरोबर मध्यभागी नीलिमाताई, हात हलवून काहीतरी सांगत होत्या. बायका पोट धरून हसत होत्या. आपली बायको गोष्ट सांगते, हे श्रीरंगरावांना माहीत नव्हतं.

“काय बाप्पा भाऊजी, कुंपणातून काय बघून राहिले?” सुजाताबाईंनी त्यांना हेरलं. “चपला काढा अन् या. तुमचेही पाय लावा पुण्यकामाला.”

“हे काय आहे?”

“भिशी आहे आमची. पाऊलभिशी. ज्या घरची चिठ्ठी निघते त्या घरच्या लॉनवर सगळ्यांचे पाय. चहा त्या घरचा, गप्पा सगळ्यांच्या. यंत्र विका, माणसं बोलवा.”

“आमच्या घरची चिठ्ठी?”

सुजाताबाईंनी नीलिमाताईंकडे पाहिलं. नीलिमाताईंनी पदर सारखा केला.

“निघाली न,” सुजाताबाई म्हणाल्या. “दोनदा निघाली. तिने मला देऊन टाकली. म्हणून तर माझं लॉन असं गालिच्यासारखं दिसून राहिलं.”

घरी आल्यावर श्रीरंगराव बसलेसुद्धा नाहीत. “आपला नंबर दुसऱ्यांना का दिलास? इथे गवत गुडघ्यापर्यंत आलं आणि तू लोकांची लॉनं तुडवत फिरतेस?”

“आमच्याकडे लॉनवर चालत नाहीत, असं सांगितलं मी त्यांना.”

“पाटी काढली मी!”

“हो. पाटी काढलीत तुम्ही.”

नीलिमाताईंनी ‘पाटी’ या शब्दावर किंचित जोर दिला की तसं आपल्यालाच वाटलं, ते श्रीरंगरावांना ठरवता आलं नाही.

“अहो, त्या बायका मोठ्याने हसतात,” नीलिमाताई सांगू लागल्या. “कप गवतातच ठेवतात. कोणी आडवी पडते. लांजेवार काकू तर लोळतात. तुम्हाला नाही चालणार.”

“चालेल.”

“बघा हं.”

“चालेल म्हटलं न! माणूस काय बदलत नाही का?”

नीलिमाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दारात मांडवाचं बोलणं काढलं होतं, त्या दिवशीही त्यांचा चेहरा असाच उजळला होता. “मग शुक्रवारी बोलावते,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, “मृणूला सांगते, इतक्यात काही माझं येणं होत नाही म्हणून.”

शुक्रवारी दुपारपासून घरभर कोथिंबिरीचा आणि गरम तेलाचा वास होता. नीलिमाताई सांबारवड्या तळत होत्या. त्यांनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. श्रीरंगरावांनी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, मग आठवून त्या बाजूला सारल्या आणि स्वतःची तेवढी ठेवली. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हातात वर्तमानपत्रही धरलं.

बायका आल्या. फाटकापाशी चपलांचा ढीग झाला. उंच गवत बघून त्यांच्यातली तबस्सुम म्हणाली, “हे लॉन आहे का जंगल? आत वाघ असेल.”

“वाघ व्हरांड्यात बसतो,” सुजाताबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. श्रीरंगरावही हसले. जमलं, असं त्यांना वाटलं.

नीलिमाताई कडेच्या पट्टीवर उभ्या होत्या. एक पाय उचलून त्यांनी खाली ठेवला. मग सुजाताबाईंनी त्यांचा हात धरून ओढलं आणि त्या मधे गेल्या. पहिल्यांदा. गवत त्यांच्या गुडघ्यांना लागलं, तशी त्या गुदगुल्या झाल्यासारख्या हसल्या. बायकांनी गवतात येरझाऱ्या सुरू केल्या, पाती आडवी होऊ लागली. कोणी कप खाली ठेवला. श्रीरंगरावांनी पान उलटलं. लांजेवार काकू खरंच लोळल्या. श्रीरंगरावांनी आणखी एक पान उलटलं.

“नीलिमा, फुगडी!” सुजाताबाई ओरडल्या. “असं जागेवर गरगर फिरलं की एका फटक्यात बसतं गवत.”

“माझे गुडघे...”

“गुडघे गेले उडत. ये.”

दोघींनी हात धरले, पावलं जुळवली आणि मागे रेलल्या. आधी सावकाश, मग वेगात. मोरपंखी पदर सुटला. बाकीच्या बायका टाळ्या वाजवत गोल उभ्या राहिल्या. नीलिमाताईंचं डोकं मागे पडलं होतं, डोळे मिटले होते आणि तोंडाने त्या काहीतरी म्हणत होत्या. श्रीरंगरावांना ते शब्द ऐकू आले नाहीत, कारण त्यांची नजर खाली होती. दोघींच्या टाचांखाली मऊ माती उकरली जात होती. गवताचं एक ढेकूळ मुळासकट उडालं. मग दुसरं.

“कडेकडेनं!”

आवाज आपला आहे, हे त्यांना तो बाहेर पडल्यावर कळलं.

टाळ्या थांबल्या. एक-दोघींना ती गंमत वाटली आणि त्या हसायच्या बेतात होत्या. पण सगळ्यांच्या आधी नीलिमाताईंनी सुजाताबाईंचे हात सोडले होते. त्या अजून भोवंडत होत्या, तोल नीट सावरला नव्हता, तरी पाय त्यांना घेऊन निघाले ते थेट कडेला. पट्टीवर पोचून त्या उभ्या राहिल्या. मग आपण कुठे उभ्या आहोत, ते त्यांनी खाली बघून पाहिलं.

“भाऊजी,” सुजाताबाई धापा टाकत म्हणाल्या, “फुगडी कडेकडेनं कशी घालायची, तेही सांगून ठेवा.”

कोणी हसलं नाही. चहा व्हरांड्यात उभ्याउभ्याच झाला. वड्या छान झाल्या आहेत, असं प्रत्येकीने सांगितलं आणि दिवेलागणीच्या आत चपलांची एकच जोडी उरली, व्हरांड्यातली श्रीरंगरावांची.

“मी मुद्दाम नाही म्हटलं,” श्रीरंगराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. “तोंडातून गेलं.”

“माहीत आहे.” नीलिमाताई कप विसळत होत्या. “मुद्दाम म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.”

दिवाळी झाल्यावर मृण्मयी आईला न्यायला आली. थंडी पडू लागली होती. बॅग भरताना श्रीरंगराव खोलीत उगाच काहीतरी शोधत राहिले. नीलिमाताईंनी शाल घेतली, स्वेटर घेतला आणि मग कपाटाच्या खालच्या खणातून सगळ्या सुती साड्या काढून एकीवर एक रचल्या. नागपूरच्या उन्हाळ्यात नेसायच्या त्या साड्या. श्रीरंगरावांनी त्या पाहिल्या आणि परत कधी येणार, हे विचारलं नाही.

“बाबा, या तुम्हीही,” मृण्मयी पायरी उतरताना म्हणाली. तिच्या हातात जड बॅग होती, गाडी उशिरा आली होती, मधून फाटक जवळ होतं. तरी ती भिंतीला घासत कडेनेच गेली. मायलेकी एकीमागे एक.

त्या गेल्यावर लॉनच्या बरोबर मध्ये परातीएवढं एक वर्तुळ दिसत राहिलं. फुगडी झालेली जागा. तिथलं गवत मुळासकट निघून नव्याने फुटलेलं, बोटभर उंचीचं; आजूबाजूचं मांडीला लागणारं. टाचांनी उकरलेले खड्डे हळूहळू भरले आणि मग वर्तुळाचा काठही पुसट झाला. कडेची पट्टी बुजायला लागली ती मेंदीच्या खिंडीपासून. मग जास्वंदीजवळ, मग तारेखाली. श्रीरंगराव खुर्चीतून बघत राहत. आयुष्यभर गवत वाढतं म्हणून ते चिडले होते. आता त्या वाढण्यात रोज थोडं थोडं काहीतरी जात होतं.

एक दिवस त्यांनी बादलीत गरम पाणी घेतलं. आपल्या पायांना चटका कळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मृण्मयी तान्ही असताना नीलिमाताई तिच्या अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघायच्या. श्रीरंगरावांनी ते कितीदा तरी पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. त्यांनी कोपर बुडवलं, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा बुडवलं. मग पाय आत सोडून बसून राहिले. पुसून लगेच उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापासून पट्टीवरून चालायला लागले. ऊब तारेपर्यंत टिकायची. मग परत येऊन पुन्हा बादली.

काही दिवसांत पट्टीचं वाढणं थांबलं. गवताने त्यांना ओळखलं होतं.

“भाऊजी, मधून चाला न,” सुजाताबाईंनी मेंदीवरून सांगितलं. पहिल्यांदाच त्या आवाज चढवून बोलत नव्हत्या. “मधे तर साप निघंल आता.”

“हो. आधी ही वाट होऊ द्या.”

पुण्याचा फोन रविवारी यायचा. नीलिमाताई औषधांचं विचारायच्या, डबा वेळेवर येतो का ते विचारायच्या. त्या रविवारी श्रीरंगराव बादलीत पाय सोडून बसले होते.

“पाय कसे आहेत?”

“गरम आहेत,” श्रीरंगराव म्हणाले. सांगावं की नाही, याचा त्यांनी थोडा विचार केला. “तुझी वाट मोडू दिली नाही मी. ठेवली आहे.”

“माझी कुठली वाट?”

“कडेची. खिंडीपर्यंतची. रोज चालतो तिच्यावरून.”

पलीकडे कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला, कोणीतरी ‘नीलिमाकाकू, येता न?’ म्हणून हाक मारली. नीलिमाताईंनी त्यांना थांबायला सांगितलं असावं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ती काय माझी वाट होती?”

श्रीरंगरावांनी पट्टीकडे पाहिलं.

“मधून चालत जा आता,” नीलिमाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “कोणी ओरडणार नाही.”

फोन ठेवल्यावर श्रीरंगरावांनी बादलीत आणखी थोडं गरम पाणी ओतलं, कोपराने पाहिलं आणि पाय चांगले शेकू दिले. मधलं वर्तुळ अजून ओळखू येत होतं, नेमकी जागा माहीत असलेल्याला. तिथपर्यंत सरळ जायचं, अंतर चार ढांगांचं. त्यांनी पाय पुसले, पायरी उतरले आणि त्या जागेवर नजर ठेवून निघाले.

भान आलं तेव्हा ते तारेपाशी पोचले होते, कडेकडेनं, आणि पाय गार पडले होते.